पाण्यात नेणारा नकाशा

गाडी आज पुन्हा आली. मागे हौदा असलेली ती पांढरी गाडी माळाच्या टोकावरून काडेपेटीएवढी दिसत होती. तलावापलीकडच्या जुन्या वाटेने ती सरळ पाण्यापर्यंत आली, थांबली आणि तिने तीनदा हॉर्न दिला. मग पंधरा मिनिटं नुसतीच उभी राहून आल्या वाटेने निघून गेली.

"पाण्याला हॉर्न देती का काय ही?" करिष्माने विचारलं.

"मासे न्यायला आली आसंल," सोमेश्वर म्हणाला. "हॉर्न दिला की मासे उड्या मारून हौद्यात बसतेत."

रोहिणीलाही हसू आलं, पण तिचं लक्ष गाडीवरच होतं. ती नेकनूरची, आठवीतली. दिवाळीच्या सुट्टीत ती नांदूरघाटच्या डोंगरातल्या कुसळवाडीला, दीपमाला मावशीकडे आली होती. करिष्मा आणि सोमेश्वर ही मावशीची मुलं. करिष्मा रोहिणीच्याच वयाची, सोमेश्वर दोन वर्षांनी लहान आणि तोंडाने चार वर्षांनी मोठा. सकाळपासून तिघं डोंगरउतारावर सीताफळं तोडत होती. सीताफळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की ते तोडायचं. तोडलं की दोन-तीन दिवसांत पिकतं आणि चौथ्या दिवशी त्याला मुंग्याच खातात.

आणि वाडीत भरलेल्या पाट्यांचा आज दुसरा दिवस होता.

यंदा वाडीतल्या बायकांनी गट करून बीडच्या एका गर काढणाऱ्या कारखान्याशी बोलणं केलं होतं. कारखान्याची गाडी दारात येणार आणि फळं घेऊन जाणार. मावशी तर ठामच होती. हे जमलं तर यंदा ऊसतोडीला जायचं नाही. नाही जमलं तर त्रिंबक मुकादमाचा ट्रॅक्टर उद्या संध्याकाळी टोळी घेऊन निघणार होता, आणि मावशी, काका त्यात बसणार होते. सोबत करिष्माही, कारण फडावर भाकरी कुणी थापायच्या? सोमेश्वर आजोबांपाशी राहणार होता. करिष्माने आपली कंपासपेटी कालच त्याला देऊन टाकली होती. उसाच्या फडात वर्तुळं कुठं काढायची, असं म्हणून ती हसली होती. रोहिणीला ते हसणं रात्रभर टोचत राहिलं होतं.

पाट्या डोक्यावर घेऊन तिघं वाडीत आली, तर गटाच्या अध्यक्षा छबुकाकू टेकडावरून तणतणत उतरत होत्या. वाडीत रेंज नव्हती, फोन लावायला टेकडावर जावं लागे. कारखान्यातला साहेब काय म्हणाला ते त्यांनी सगळ्यांना ऐकवलं. गाडी काल वाडीत पोहोचली, आज पोहोचली, दोन्ही दिवस पंधरा मिनिटं थांबली, पण एक माणूस फळं घेऊन आला नाही. तशी नोंदच आहे. उद्या तिसरी खेप. तीही रिकामी गेली, तर कुसळवाडीचं नाव यादीतून कमी.

"कुठं आली गाडी? धुरळा तरी दिसला का कुणाला?" काकूंनी विचारलं.

ड्रायव्हर बीडमध्येच चहा पीत बसतो आणि खोटं लिहितो, असा निकाल पारावरच्या मंडळींनी जागेवरच दिला. रोहिणीने मध्येच तलावाकाठच्या गाडीचं सांगून पाहिलं, पण तिला कुणी पुरतं बोलूही दिलं नाही. गाडीवाल्याला काय डोळे न्हाईत, एवढं पाणी दिसंना का त्याला, असं म्हणून सगळे हसले. मोठ्यांचं हे असंच असतं. भांडायला वेळ असतो, जाऊन बघायला नसतो.

रोहिणीने करिष्माला बाजूला घेतलं. "त्या पाण्यापाशी पहिलं काय होतं गं?"

"जुनी कुसळवाडी. तलाव झाला तवा सगळी घरं उठून हितं माळावर आली. उन्हाळ्यात पाणी आटलं की मारुतीच्या देवळाचा कळस अजून दिसतो."

रोहिणीच्या डोक्यात दिवा लागला. म्हणजे गाडी खरंच वाडीत जात होती. वाडी तेवढी पाण्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघांनी एकेक भरली पाटी उचलली आणि तलावाच्या भिंतीवरून पलीकडचा काठ गाठला. पाऊण तासात मानेचा पार चुराडा झाला. ठरल्या वेळी गाडी आली, बाभळीमागे लपलेल्या तिघांच्या पुढून गेली आणि पाण्यापाशी थांबली. तीन हॉर्न झाले. ती परत वळेपर्यंत या तिघांनी वाटेत आडव्या तीन पाट्या मांडल्या आणि शेजारी दगडावर बसून राहिली. सीताफळं न्यायला आलेला माणूस सीताफळांवरून गाडी घालणार नाही, असा रोहिणीचा हिशोब होता. तो बरोबर निघाला.

ड्रायव्हर खाली उतरला. विशीतला, डोळ्यांवर गॉगल, शर्टावर 'हनुमान' असं नाव शिवलेलं.

"ह्या पाट्या कावून ठिवल्या मधी?"

"तुमी सीताफळंच न्यायला आलाव ना, दादा?" रोहिणी म्हणाली. "ही कुसळवाडीची हायत."

"मग मी रोज कुसळवाडीत येतो तवा कुठं आसता तुमी?" हनुमान तडकला. "बघ, मशीनच सांगतंय."

काचेला वीतभर रुंदीचं जीपीएसचं यंत्र चिकटवलेलं होतं. पडद्यावर एक जाड रेघ होती, टोकाला छोटासा झेंडा, खाली 'कुसळवाडी'. तलावाचं नावसुद्धा नव्हतं.

"आन् पुढं पाणी हाय, ते?" सोमेश्वरने विचारलं.

हनुमानने गॉगल पुसला. डोंगरात फोनवरचा नकाशा चालत नाही म्हणून कारखान्याने हे यंत्र दिलं होतं. यंत्रातली बाई मुक्कामी पोहोचलो म्हणाली की तो पोहोचल्याचं लिहून टाकी. पुढे रस्ता आहे की पाणी, हे साहेबाने बघायचं. वाटेत थांबून कुणाला विचारणं तर त्याला साफ कमीपणाचं वाटे.

गाडीत गोंधळाचं गाणं चालू होतं. ते संपलं आणि पुन्हा तेच लागलं.

"दादा, दुसरं गाणं न्हाई का?" सोमेश्वरला राहवेना.

"न्हाई ना रं. हाफिसानं नवं कार्ड दिलं, पण जवळजवळ सगळं आदीच भरल्यालं. धा-बाराच गाणी बसली."

रोहिणीने कान टवकारले. तिच्या बाबांचं नेकनूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हजार मेमरी कार्डं तिच्या हाताखालून गेली होती.

"हाफिसानं गाण्यासाठी कार्ड दिलं?"

"कशासाठी ते काय बोलले न्हाईत. साहेब म्हणले, हे गाडीत घाल. म्या घातलं."

साहेबाने नीट सांगितलं नाही, याने नीट विचारलं नाही, आणि सत्तर पाट्या वाडीत पिकत पडल्या. रोहिणीने कार्ड मागून घेतलं आणि हनुमानच्याच फोनमध्ये घालून उघडलं. गाण्यांच्या खाली एकच फाईल होती. नाव इंग्रजी अक्षरांचं नि आकड्यांचं, कशाचा कशाला मेळ नाही, आणि आकार सगळ्या गाण्यांच्या वीसपट.

"हां, हीच ती. काल पुसणार हुतो हिला, पण जेवायला हाका आल्या," हनुमान म्हणाला.

"बरं झालं भूक लागली तुमाला," रोहिणी म्हणाली. "आमचे बाबा म्हणतेत, जी फाईल ओळखू येत न्हाई, ती पुसायची न्हाई. दादा, हा नवा नकाशा हाय. तुमी त्याला गाण्याच्या खाचंत घातला."

यंत्राच्या बाजूला तसलीच एक खाच होती. रोहिणीने कार्ड त्यात बसवलं, यंत्र बंद करून सुरू केलं. चौघं पडद्यावर वाकली. तीच जाड रेघ. तोच झेंडा. तलावाचा पत्ता नाही.

करिष्मा मागे वळून डोंगराकडे बघायला लागली. पलीकडे डोंगरावर उन्हं कलायला लागली होती, आणि ट्रॅक्टर दिवस मावळायला निघणार होता. इतकं सगळं करून आपण हरलो तर करिष्माकडे बघायचं कसं?

मग रोहिणीने स्वतःला दटावलं आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये शिरली. एकेक पान उलगडत गेली. आवाज, उजेड, भाषा. आणि मग नकाशे. तिथे दोन नावं होती. एक यंत्राच्या पोटातलं, २०१२ सालचं. दुसरं कार्डावरचं, गेल्या वर्षीचं. दोन्हींपुढे बरोबरची खूण.

"दोन्ही चालू हायत! नव्यावर जुना पसरलाय."

"मग जुना टाक पुसून," हनुमानने हात पुढे केला.

"पुन्हा पुसायचंच काढलं का?" रोहिणीने यंत्र मागे ओढलं. "पुसायचं न्हाई, नुसती खूण काढायची. नवा चालला न्हाई तर निदान जुना तरी राहील."

तिने जुन्यापुढची खूण काढली. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग मधोमध निळा डाग उमटला, पसरत पसरत अर्ध्या पडद्यावर गेला, आणि त्याच्या काठाशी यांच्या गाडीचा बाण उभा. निळ्याला वळसा घालून एक बारीक रेघ वर माळावर चढत होती. तिथे लिहिलं होतं, 'कुसळवाडी'.

"आयला," हनुमान पुटपुटला. "आजून थोडं पुढं घेतली आसती, तर यंत्र पोचलो पोचलो म्हणतच ऱ्हायलं आसतं, आन् मी बुडालो आसतो."

पाट्या हौद्यात चढल्या, मुलंही चढली. वळशाची वाट नऊ किलोमीटरची, दगडगोट्यांची. यंत्रातली बाई डावीकडे-उजवीकडे सांगत होती आणि सोमेश्वर हौद्यातून तिलाच दुरुस्त करत होता. पण खरं म्हणजे बाई एकदाही चुकली नाही.

वाडीच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत भांडी चढली होती. मावशी हातात बोचकं घेऊन उभी होती आणि त्रिंबक मुकादम तिला म्हणत होता, लवकर काय ते सांगा, ताई, अंधार व्हायच्या आत घाट उतरायचाय. तेवढ्यात तीन हॉर्न वाजले. या वेळी ते पाण्याने नाही, माणसांनी ऐकले.

मग जी धावपळ उडाली ती विचारू नका. सत्तरच्या सत्तर पाट्या अर्ध्या तासात हौद्यात गेल्या. वाया गेलेल्या दोन्ही खेपा गाडीच्या चुकीने गेल्या, असं छबुकाकूंनी हनुमानकडून कागदावर लिहून घेतलं, तेव्हाच त्याला चहा दिला. पारावरच्या मंडळींनी आपल्याला पहिल्यापासून शंका होतीच, असं सांगायला सुरुवात केली.

"गप बसा," छबुकाकू म्हणाल्या. "आपुण दोन दिवस भांडत बसलो. ह्या लेकरांनी जाऊन बघितलं." आणि त्यांनी रोहिणीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मावशी मुकादमाकडे वळली. "त्रिंबकभाऊ, आमी न्हाई येत यंदा," तिने एवढंच सांगितलं. मग बोचकं खाली ठेवलं आणि करिष्माला जवळ ओढून घेतलं. ट्रॅक्टर दुसऱ्या घरांची माणसं घेऊन घाटाकडे गेला. मावशी तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिली.

करिष्मा मात्र केव्हाच घरात पळाली होती. रोहिणी मागोमाग गेली, तर ती सोमेश्वरपुढे हात पसरून उभी होती.

"कंपासपेटी दे माझी."

"दिल्याली वस्तू माघारी मागत न्हाईत," सोमेश्वरने पेटी पाठीमागे लपवली. "आन् तुला वर्तुळं कुठं काढायचीत?"

"आठवीच्या वहीत," करिष्मा म्हणाली, आणि पेटी हिसकावून घराबाहेर धूम पळाली. तिच्यामागे सोमेश्वर, त्याच्यामागे रोहिणी.