डोळ्याला लावायचा कॅमेरा

दुकानात एक जण कॅमेरा डोळ्याला लावून, डावं कोपर बरगडीला चिकटवून उभा होता आणि तिने ओळखलं ते त्या कोपरावरून. चेहरा तिला नीटसा ठाऊकच नव्हता. तीन वर्षांपूर्वी ताईच्या लग्नात नवऱ्याकडचे फोटो ताईच्या या धाकट्या दिराने काढले होते, नवरीकडचे हिने. दिवसभर दोघं समोरासमोर, आणि मध्ये दोन कॅमेरे! पुढे त्याची नोकरी लांब. गाठ पडलीच नाही.

आता ताईला मुलगी झाली होती. दोन्ही घरांनी मिळून एक डिजिटल कॅमेरा द्यायचं ठरवलं होतं, आणि एकमेकांना न विचारता आपापला जाणकार दुकानात धाडला होता.

"तुम्हीसुद्धा?" त्याने कॅमेरा खाली घेतला.

"अगंबाई, तुम्हाला नाक आहे! मला वाटलं, तिथे लेन्सच असेल."

तो हसला, आणि कॅमेरा लगेच पुन्हा वर. "हाच घेऊ. डोळ्याला लावला की हात हलत नाही."

तिने शेजारचा चपटा उचलला. "आणि हा? मागच्या पडद्यावर बघायचं. पुतणीला काकाचा चेहरा तरी दिसेल."

"यात... लपता येत नाही."

"लपायचं कशाला?"

दुकानदाराने जांभई दिली.

तीन वर्षं एक प्रश्न तिच्या मनात वळवळत होता. घरच्यांच्या गराड्यात तो विचारता आला नसता; इथे घरचं कुणी नव्हतं.

"ताईच्या अल्बममध्ये तुमच्या अकरा फोटोंत मी आहे. मोजलेत. एकात खुद्द नवरीचं डोकं अर्धं कापलंय, मी मात्र अख्खी. हे चुकून झालं, की—"

"की?"

"तेच तर विचारतेय."

'चुकून' म्हणालाच तर हसून वेळ मारून न्यायची, हे तिने ठरवूनच ठेवलं होतं. रडायचं ते घरी जाऊन.

त्याचे कान लाल झाले. कॅमेरा हळूच काउंटरवर टेकला.

"अल्बमला अकराच दिले..." तो म्हणाला. "बाकीचे माझ्याकडे आहेत."

"बाकीचे? किती?"

"ते... बसून मोजावे लागतील."

तिने चपटा कॅमेरा दुकानदाराकडे सरकवला. "हा बांधून ठेवा. आणि इथे जवळपास चहा कुठे मिळतो हो? आम्हाला जरा वेळ लागेल."