नंबर तीनचा कागद

शालिकराम शिवेवर पोचला तेव्हा मरीआईचा गाडा निघायच्या बेतात होता. गाड्यामागे तानुबाई माळिणीला दोघांनी दंड धरून उभं केलं होतं.

शालिकराम अकोल्याच्या दवाखान्यातला कारकून. गावोगावचे पाटील आजाराचा आकडा घालून आजाऱ्यांचे कागद पाठवत. तो आकडा तपासून वहीत घालायचा, हे त्याचं काम. छापील यादीत पोटाच्या आजारांचेच सात आकडे होते. पटकीला, म्हणजे मरीला, तीन, आमांशाला चार, नुसत्या ओकारीला सहा. काल दुपारी चार कोसांवरच्या या गावाहून कोतवाल नत्थुजी कागद घेऊन आला होता: 'महादेवराव, वय पन्नास. जुलाब व वांती. नंबर तीन.'

"काल सांजच्याले गेला माहा भाऊ महादेवराव," खुशालराव पाटील म्हणाला. "या बाईनं अमरावतीच्या बाजारातून मरी आणली. तिले गाड्यासंगं शिवेपार हाकलून राहिलो. तू आकडा लिही अन् वाट धर."

"मी पंधरा दिवसांत बाजारात गेली नाही," तानुबाई म्हणाली. "याले माहा मळा पायजे, कापूस पेराले. महादेवराव जित्ते होते तोवर याले घेऊ देत नव्हते."

मागून कोणीतरी तिच्या पाठीत गुद्दा घातला.

"मी येईपर्यंत गाडा हलवू नका," शालिकराम म्हणाला. "वही साहेबाकडं जाते."

"साहेबाचं नाव सांगून भेव दाखवते का?" पाटील हसला. पण गाडा थांबला.

महादेवरावांच्या घरी त्यांची बायको गोदाबाई कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई, दुखणं लागायच्या आधी त्यांनी काय खाल्लं?"

"परवा रातची भाकर घरची. मुळा तानुबाईनं आणला होता. ताक भाऊजीच्या, पाटलाच्या घरून येते रोज, एक गडू."

"तुम्ही?"

"भाकर अन् मुळा मी बी खाल्ला. ताक मले सोसत नाही."

"पहिल्यानं काय झालं?"

"ओकारी. काल दिवस निघाला तवाच. घशात आग पडली म्हणत."

"जुलाब?"

"ते दुपारी. सूर्य डोक्यावर आल्यावर."

"आवाज बसला होता?"

"नाही बाप्पा. मरेपर्यंत ओरडत होते. साऱ्या गल्लीनं आयकलं."

"ताकाचा गडू घासला का?"

गोदाबाईनं आता त्याच्याकडे पाहिलं. "मरीच्या घरचं भांडं कोण घासते? तो लोकांनी काठीनं उचलून गाड्यात टाकला."

बाहेर नत्थुजी उभा होता.

"काल कागद घेऊन केव्हा निघालास?"

"ढोरं रानात सुटतात, त्या वक्ती."

"वाटेत कुठं थांबलास?"

"कावून थांबू? पाटलानं पळत जा म्हटलं होतं."

शालिकराम शिवेवर परतला. त्यानं कागद उघडून पाटलासमोर धरला.

"हे अक्षर तुमचं?"

"माहंच. मग?"

"यात जुलाब लिहिलेत. कागद सकाळी ढोरांच्या वेळी निघाला. जुलाब लागले दुपारी. पाटील, तुम्हाला आधीच कसे कळले?"

"अंदाज केला. पटकीत होतेच ते."

"पटकीत जुलाब आधी लागतात, ओकारी मागून येते. माणसाचा आवाज पार खोल जातो. महादेवरावांचं सगळं उलट झालं. पहिल्यानं ओकारी, घशात आग, आणि आवाज शेवटपर्यंत खणखणीत. सकाळी कोणालाही दिसली असती ती नुसती ओकारी. म्हणजे नंबर सहा. पुढं काय होणार हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच तीन लिहिला."

शालिकरामनं गाड्यातला गडू उचलला. लोक दोन पावलं मागे सरले. बुडाशी सुकलेल्या ताकात पांढरी भुकटी बसली होती. ती त्यानं काडीनं खरवडून गाड्यापुढं धुपासाठी ठेवलेल्या निखाऱ्यांवर टाकली.

धूर निघाला. लसणासारखा वास पसरला.

"ताकात लसूण घालता का, पाटील? हा सोमल आहे, निखाऱ्यावर लसणासारखा वास सोडणारं विष. सरकीच्या कोठारात उंदरांसाठी ठेवतात तो. मुळा दोघांनी खाल्ला, ताक एकानंच घेतलं. महादेवराव गेले की जमीन तुमची. मरीचा आळ तानुबाईवर आला की मळाही तुमचा. एवढ्यासाठी हा आजार पटकी ठरवायचा होता. पण तुम्हीच मरी म्हटलं, म्हणून गडू घासला गेला नाही. गावादेखत तुम्हालाही त्याला हात लावता आला नाही."

"दवाखान्यातला चाकर मले शिकवते," खुशालराव म्हणाला आणि वळला. नत्थुजी त्याच्या आडवा उभा राहिला. तानुबाईला धरणारे दोघे तिला सोडून पाटलाकडे गेले. तिची माफी कोणी मागितली नाही.

शालिकरामनं कागदावरचा तीन खोडला. पोटाच्या सातही आकड्यांत हे बसत नव्हतं. त्यानं पुढं लिहिलं, 'विषप्रयोग.'

"चाल बाई, घरी पोचवतो," नत्थुजी म्हणाला.

"इथवर ढकलत आणलं मले," तानुबाईनं पदर झटकला. "आता माह्या पायानं जाते. तुमी बाजूले व्हा."

लोक बाजूला झाले. ती मळ्याकडे निघाली.