रेवदंड्याहून थेट

त्या दिवशी सकाळी मी चौलला एका साखरपुड्याचा पेनड्राइव्ह पोचवायला निघालो होतो. मी राहणारा रेवदंड्याचा. लग्नं, बारशी शूट करतो, आणि कुठं होडी उलटली, दरड कोसळली की मुंबईच्या चॅनलवाल्यांना दृश्यं पाठवतो. समुद्रात वादळ उठलं होतं. ते वर गुजरातकडे जाईल असं दोन दिवस सांगत होते, आणि त्या सकाळी ते आमच्याकडं वळलं. बाजारपेठेत लोक दुकानांवर पत्रे बांधत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. परदेशातलं मोठं इंग्रजी चॅनल. त्यांची बातमीदार मुरुडला घरी आलीय, तिला कॅमेरामन हवाय, दुपारी चारला लाइव्ह आहे, जमेल का? बातमीदाराचं नाव ऐकून मी स्कूटर कडेला घेतली. अतिया मुकादम.

आमच्या पट्ट्यात हे नाव माहीत नसलेला माणूस विरळा. मुरुडच्या उर्दू शाळेत शिकलेली मुलगी, बाप कुवेतला जहाजावर. मुंबईत बातम्या द्यायला लागली, तिथून दुबईला, मग लंडनला गेली. इराक, अफगाणिस्तान, सीरिया, जिथं जिथं माणसं पळत बाहेर येत होती तिथं ही आत जात होती. अंगात निळं जड जाकीट, डोक्याला हेल्मेट, मागं धूर. मुरुडच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर ती दिसली की म्हातारे चहाचा कप खाली ठेवायचे. तीन वर्षांपूर्वी ती अचानक दिसेनाशी झाली. लंडनच्या ऑफिसात बसून काम करते म्हणत. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

दोनच्या सुमाराला ती भावाची गाडी स्वतः चालवत साळावच्या पुलावरून आली. पन्नाशीची, बारीक, केस पांढरे. मी मॅडम म्हटलं, तर म्हणाली, आपा म्हण. नाव विचारलं. निकेत, म्हटलं. मग लगेच विचारलं, "घरी कोण असतं तुझ्या?"

"आई. दोघंच आम्ही."

तिला ते उत्तर आवडलं नाही, एवढं मला कळलं.

जागा मी शोधली. खाडीच्या तोंडाशी बर्फाचा एक जुना कारखाना बंद पडून आहे. त्याचं छप्पर गेलंय, पण खाडीकडची उंच भिंत शाबूत होती. तिच्या आडोशाला वारा लागत नव्हता. मी भिंतीला पाठ करून ट्रायपॉड लावला, म्हणजे समोर आपा उभ्या राहतील आणि त्यांच्या मागं खाडी, आत ओढून घेतलेल्या होड्या, उसळणारं पाणी. आपांनी भिंतीकडं वर मान करून बघितलं. किती जुनी असेल, विचारलं. मी म्हटलं, निसर्ग वादळातसुद्धा हिची वीट हलली नाही. त्यांनी भिंतीपासून ट्रायपॉडपर्यंत पावलं मोजली. मग ट्रायपॉडपासून आपल्या जागेपर्यंत मोजली. चार भरली. परत मोजली.

अजून दीड तास होता. तीन वाजताच संध्याकाळसारखं झालं. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वाळत घातलेली मासळी लोकांनी घाईनं उचलली होती, तरी तिचा वास ओल्या हवेत जमिनीलगत बसून राहिला होता. आम्ही गाडीत बसलो. त्यांचे हात मांडीवर स्थिर राहत नव्हते. इतकी युद्धं पाहिलेल्या बाईला वादळाची भीती वाटतेय, याचं मला नवल वाटलं. मी विचारलं, आपा, तुम्ही बाहेर जाणं का सोडलंत?

त्यांनी खिशातून इअरपीस काढला. लाइव्हच्या वेळी ऑफिसचं बोलणं ऐकायला कानात घालतात तो, पारदर्शक, शेंगदाण्याएवढा.

"याच्यामुळं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, ते असं. पहिल्यांदा झालं तेव्हा त्या इराकमध्ये, बसऱ्याबाहेर एका रस्त्यावर उभ्या होत्या. लाइव्ह सुरू व्हायला किती सेकंद उरले ते ऑफिस कानात मोजत होतं. मध्येच ते मोजणं मागं पडलं आणि एक बाई बोलली. इंग्रजी नाही, अरबी नाही. आपल्या मुरुडच्या बोलीत. अत्ती, ये गो. त्याला राहू दे. अत्ती हे त्यांचं घरातलं नाव. तिकडं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चमकून त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेल्या, आठ-दहा पावलं, माइक हातात तसाच. मागं स्फोट झाला. कॅमेरामन जागेवरच गेला. त्याला जुळ्या मुली होत्या.

दुसऱ्यांदा काबूलला, तिसऱ्यांदा अलेप्पोत. तीच बाई, तेच शब्द. प्रत्येक वेळी पाय आपोआप निघाले आणि प्रत्येक वेळी मागं एक माणूस राहिला.

"त्यांना ओढून घ्यायचं ना बरोबर," मी म्हटलं.

"घेतलं. चौथ्या वेळी दंडाला धरून ओढत नेलं त्याला. वाचला. तासाभरानं त्याच रस्त्यावर मागची गाडी उडाली. आमचा ड्रायव्हर होता तिच्यात." त्यांनी इअरपीस मुठीत मिटला. "कुणीतरी राहावंच लागतं, निकेत."

आवाज कुणाचा, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. अम्मीचा वाटायचा. अम्मी मुरुडला घरात बसलेली असायची, काही बोलायची नाही. पुढं अम्मी वारली, तरी आवाज थांबला नाही. म्हणून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. मग आज हो का म्हणालात, असं मी विचारलं.

"ती ये म्हणते. घरी ये, असंच ना ते? आता मी घरीच आहे. इथं कशाला बोलावेल... असं वाटलं."

मला हे सगळं खरं वाटलं असं नाही. खोटंही वाटलं नाही. पळून जावं असं वाटत असूनही मी उतरून कॅमेरा सुरू केला.

चारला दहा कमी असताना आपा समोर उभ्या राहिल्या. आडोशाला असूनही वारा आता बाजूनं मारत होता. त्यांनी इअरपीस घातला, ऑफिसला आवाजाची चाचणी दिली. काय बदल झाला त्यांच्यात! पाठ ताठ, आवाज धारदार, हात स्थिर. टीव्हीवर बघितलेली बाई तीच. मी काचेतून बघत होतो. तीन मिनिटं राहिली. दोन राहिली. एक राहिलं.

आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले.

त्यांनी मान किंचित तिरकी केली, दुरून हाक आल्यावर करतो तशी. मग माझ्याकडं पाहिलं. माझ्याकडं नव्हे, माझ्या डोक्यावरून मागं. पुन्हा माझ्याकडं. मला वाटलं आता त्या चालू लागणार. मीही पाय उचलणार होतो, पण चौथ्या वेळचा तो ड्रायव्हर आठवला, आणि खरं सांगतो, पाय उचललाच नाही.

त्या चालू लागल्या, पण माझ्या दिशेनं. जवळ आल्या, इअरपीस काढला, आणि अगदी रोजच्या कामासारखं म्हणाल्या, "लाइन खराब आहे. काय म्हणतायत मला कळत नाही. तू ऐकून सांग. कॅमेरा मी धरते."

मी घेतला. तो गरम होता. कानात घातला. एक इंग्रज बाई शांतपणे सांगत होती की आता फक्त दहा सेकंद. काही खराब नव्हतं. मी तसं सांगायला तोंड उघडलं, आणि ती इंग्रज बाई दूर गेली. पाण्याखाली जावी तशी.

"तू ये..."

घोगरा, ओढून काढलेला आवाज. बाईचा की पुरुषाचा, ते कळेना. कुठून तरी फार लांबून आला होता आणि तरी कानाच्या आत होता.

"तू ये. तिला राहू दे..."

आपा ट्रायपॉडला धरून उभ्या होत्या. पाठीमागं भिंत. त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्या माझा चेहरा बघत होत्या. त्यांनी मान हलवली. जा, अशी.

मी गेलो. याला मी दुसरा शब्द शोधत नाही. तिथून त्यांना ओढता आलं असतं, निदान ओरडता आलं असतं. मी चार पावलं चाललो, मग आणखी चार, खाडीच्या दिशेनं. त्या दृश्यात मी दिसतो, निळा रेनकोट घातलेला, पाठमोरा, आरामात फिरायला निघालेल्या माणसासारखा. तेवढं चौदा सेकंद जगभर दिसलं. मग पडदा काळा झाला. भिंत पडल्याचा आवाज मला आला नाही. जमीन हलल्याचं पायाला कळलं फक्त.

कोळीवाड्यातली माणसं धावत आली. विटा उचलायला संध्याकाळ झाली. आपांच्या दोन्ही हातांत ट्रायपॉड घट्ट धरलेला होता. मुरुडहून त्यांचे भाऊ मुझम्मिलभाई आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला सहन झाला नाही.

वादळ ओसरल्यावर मी घरी गेलो. वीज नव्हती. दार सताड उघडं होतं आणि आई उंबऱ्यावर बसली होती, पावसात भिजलेली, खाडीच्या दिशेनं तोंड करून. तिला कुणी काही सांगायला आलेलं नव्हतं, हे मी नंतर शेजारी विचारून घेतलं. ती बोलू लागली तर नुसती हवा आली. मग तुटक, घोगरे शब्द.

"आलास... घसा बसला रं माझा. कवापासून हाका मारतेय."

मी म्हटलं, आई, मी खाडीवर होतो. इथून हाक कशी ऐकू येईल?

तिनं पदरानं माझं डोकं पुसलं. "येत न्हवतीच," ती म्हणाली. "ती बाई मधी होती. तिनं तुझ्या कानी दिलं, तवा पोचली."

त्याला आता सात महिने झाले. आईचा आवाज तेव्हापासून गेला तो गेलाच. अलिबागच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, काही नाही म्हणाले. ती खुणांनी बोलते. मी तिला दुसरं काही विचारलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्या चॅनलनं मला नोकरीवर घेतलं. पुढच्या सोमवारी सुदानच्या सीमेवर जायचंय. बरोबर शिवानी नावाची नवी बातमीदार आहे, पंचवीस वर्षांची. पहिलीच मोहीम तिची. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. कागदपत्रंसुद्धा मित्राकडं ठेवलीत.

पण आज पहाटेपासून आई मागच्या दारी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करतेय.