पहिला आवाज

कुंदा मगदूमनं डबीवरची लाल कागदी पट्टी नखानं फाडली, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि तिच्यावर चिकटवलेलं नमुन्याचं कार्ड खणखणीत आवाजात वाचलं, “सुकुमार आडमुठे. बोअरवेल आणि पंप दुरुस्ती. चौदावी गल्ली, जयसिंगपूर.”

“बरोबर,” काउंटरपलीकडून सुकुमार म्हणाला.

“आता तू म्हण. नाव आणि काम. डबीकडं तोंड करून, लाजू नको.”

सुकुमार लग्नात नाव घ्यायला उभं केल्यासारखा आधी हसला, मग म्हणाला. डबीच्या कडेची फट अलगद उघडली आणि एक कार्ड बोटभर बाहेर सरकलं. त्याच्या कोपऱ्यावर निळा ठिपका उमटत गेला, कागदाला हळूच शाई लागावी तसा.

“झालं. हा ठिपका म्हणजे कार्ड तू स्वतः दिलंस. डबी खोटं बोलत नाही.”

आतल्या खोलीतून नवऱ्याचा, जिनेंद्रचा, आवाज आला, “वाचून झालं का? स्टेशनपर्यंत कळलं सगळ्यांना.”

कुंदानं लक्ष दिलं नाही. छापलेलं वाचून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक होता. एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या हयात काकांच्या नावामागं ‘कै.’ छापलं गेलं होतं आणि काका पत्रिका घेऊन स्वतः छापखान्यात आले होते, तेव्हापासूनचा. सासरे गेले, छपाईचे शिशाचे खिळे गेले, यंत्रं बदलली, वाचणं राहिलं.

मध्यंतरी तर छापखानाच जायची वेळ आली होती. सगळं फोनवर चालत असताना कार्ड कोण छापणार? पण मग फोनवरून कुणाच्याही आवाजात कुणीही बोलायला लागलं. मुलाच्या आवाजात हाका आल्या, डॉक्टरांच्या आवाजात सल्ले आले, आणि फसलं नाही असं घर गल्लीत उरलं नाही. लोक पुन्हा हातातून हातात दिलेल्या कागदाकडं वळले. त्याच सुमारास ‘नादमुद्रा’ कंपनीची डबी आली. दिसायला साधी पुठ्ठ्याची, पण तिच्या अस्तरावर वीज वाहणाऱ्या शाईनं एक कान छापलेला. त्या छापील कानाला स्पीकरमधला आवाज आणि गळ्यातला आवाज यांतला फरक कळायचा. लाल पट्टी फाडली की कान जागा व्हायचा. मालकानं नाव आणि काम दोनदा म्हणायचं: एकदा ओळख पटवायला, एकदा उघडायला. पुढं त्याच्या तोंडून तेच शब्द आले तरच कार्ड बाहेर, ठिपक्यासकट. आता गावात ठिपका बघितल्याशिवाय कुणी दाराची कडी काढत नसे.

सुकुमार गेला आणि तरन्नुम आली. तरन्नुम मुजावर घरोघर जाऊन आजारी माणसांचं बघायची; जिनेंद्रच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंगही तीच करायची. पण तिची ही वेळ नव्हती, आणि चप्पल न काढताच ती काउंटरशी उभी राहिली.

“काकू, भूपाल अण्णांच्या अक्काताई दवाखान्यातून घरी आल्या.”

“बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. पण अण्णांनी मला दारातून परत पाठवलं.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. भूपाल पाटील म्हणजे सातव्या गल्लीतले जुने मास्तर. अक्काताई त्यांची बायको, अंथरुणाला खिळलेली. मंगळवारी संध्याकाळी त्यांच्या दारात एक अनोळखी बाई आली. ‘तरन्नुमनं मला पाठवलंय, आजपासून मी येणार,’ म्हणाली. हातात तरन्नुमचं कार्ड होतं, निळ्या ठिपक्याचं. अण्णांनी कडी काढली. बाईनं अक्काताईंना इन्सुलिन टोचलं. ते तासाभरापूर्वी तरन्नुमनं टोचलेलंच होतं. साखर एकदम उतरली, अक्काताई बेशुद्ध पडल्या. बाई पुन्हा दिसली नाही.

“आता म्हणतात, तरन्नुम शिकाऊ बायका पाठवते आणि मधले पैसे आपण खाते. काल दोन घरं सुटली, आज तिसरं. मी कुणाला कार्ड दिलं नाही, काकू.”

“पण ठिपका होता म्हणतेस.”

“होता. अण्णांनी दाखवला.”

तरन्नुमच्या हातावर कुंदाचा नवऱ्यापेक्षा जास्त भरवसा होता. तरी मनात एक मुंगी चालायला लागलीच: पोरगी दमते, घरं वाढलीत, दिली असेल कुणाला तरी पाठवून. आणि आता अंगावर आलं म्हणून नाही म्हणतेय.

“माझ्याकडं असं बघू नका,” तरन्नुम म्हणाली.

“कसं बघतेय?”

“अण्णा बघत होते तसं.”

कुंदानं कंपनीच्या माणसाला फोन लावला. ऋग्वेद नावाचा हा मुलगा पुण्याहून बोलायचा. जाहिरातीतल्या दुधासारखा, साय नसलेला आवाज. फोनवरचा म्हणून त्याच्यावर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्नच होता. पण डबीचा क्रमांक सांगितल्यावर त्यानं लगेच माहिती काढली.

“मॅडम, मंगळवारी दुपारी एक कार्ड बाहेर गेलंय. पहिल्या आवाजावर.”

“म्हणजे?”

“पहिला आवाज म्हणजे मालक. डबीत चूक नाही, मॅडम. चूक माणसांत असते.”

फोन स्पीकरवर होता. तरन्नुमनं ऐकलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“मंगळवारी दुपारी मी इथंच होते,” ती म्हणाली. “काकांचं ड्रेसिंग करत होते. बॅग तुमच्या या काउंटरवर ठेवलेली. डबी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात.”

“खरंय,” आतून जिनेंद्र म्हणाला. “मंगळवारी तिनं मला इतकं रडवलं की तारीख विसरणार नाही.”

म्हणजे ज्या वेळी तरन्नुमनं कार्ड दिलं म्हणत होते, त्या वेळी ती कुंदाच्याच घरात, कुंदाच्याच नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मुंगी वळली आणि उलट चालू लागली. मग इथं डबी कुणी उघडली? जिनेंद्रला उठता येत नव्हतं. काउंटरशी तर फक्त कुंदा होती.

“आण बघू डबी.”

तरन्नुमनं ती काउंटरवर ठेवली. कुंदानं उलटसुलट करून बघितली. फट मिटलेली, पुठ्ठा कुठं उचकटलेला नाही. डबीवर चिकटवलेलं नमुन्याचं कार्ड समोर आलं आणि छापील अक्षर डोळ्यांपुढं आलं की तोंड आपोआप उघडायची तिच्या खोडीप्रमाणं चष्मा सावरून तिनं वाचलं, “तरन्नुम मुजावर. घरपोच रुग्णसेवा.”

फट उघडली. कार्ड बोटभर बाहेर आलं. कोपऱ्यात निळं उमटत गेलं.

दोघी त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. आतून जिनेंद्रनं विचारलं, “काय झालं? एवढी शांतता या घरात का?”

कुंदाला मंगळवारची दुपार समोर दिसायला लागली. काउंटरशी एक बाई आली होती, मोहरीच्या रंगाची साडी, पायात धुळकट सपाता. घरी येऊन आजारी माणसाचं बघणारं कोण आहे का, असं विचारत होती. कुंदानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं: आहे की, तरन्नुम मुजावर, घरपोच रुग्णसेवा, सातव्या गल्लीतल्या भूपाल अण्णांकडं पण तीच जाते. तेवढ्यात समोरच्या बॅगेच्या कप्प्यातून एक कार्ड डोकावताना दिसलं होतं. सुटं पडलं असेल म्हणून कुंदानं ते ओढलं, आणि ‘घ्या, लागलं तर जपून ठेवा’ म्हणत बाईच्या हातात दिलं होतं. आपल्या हातानं. ठिपका बघितलाही नव्हता.

तिनं सगळं सांगितलं. तरन्नुम म्हणाली, “पण तुमच्या आवाजावर का उघडली?”

ते ऋग्वेदलाच विचारावं लागलं. कुंदानं स्टुलावर बसून पुन्हा फोन लावला, डबी देताना ती काय करते ते सांगितलं.

“दोनदा म्हणायचं असतं, मॅडम. दोन्ही वेळा मालकानं.”

“दोनदाच होतं की. एकदा मी वाचते, एकदा गिऱ्हाईक म्हणतं.”

“मग पहिला आवाज तुमचा बसला. दुसरा वेगळा आला, तर डबी त्याला घरचं माणूस समजते. दुकानात बायको बसते, भाऊ बसतो, म्हणून आम्हीच तशी सोय ठेवलीय. डबीच्या लेखी मालक तुम्ही आहात. त्या तुमच्या मदतनीस.” मग त्यानं विचारलं, “किती डब्या वाचून दिल्यात तुम्ही?”

“सगळ्या.”

डॉक्टर, वकील, सोनार, दाया, शाळेची गाडी चालवणारे, गावातल्या ज्या कुणाच्या शब्दावर दार उघडत होतं तो प्रत्येक जण. एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात आहे हे कुंदाला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, फक्त चढा आहे.

“घाबरू नका,” ऋग्वेद म्हणाला, आणि कुंदा पहिल्यांदा घाबरली. “आज संध्याकाळी आम्ही इथूनच तुमचा आवाज सगळ्या डब्यांमधून पुसतो. उद्यापासून तो कुठंच चालणार नाही. फक्त ही गोष्ट आपल्यातच ठेवा. लोकांचा विश्वास उडाला तर तुमचंही नुकसान आहे.”

“इथून पुसता म्हणजे? तिथून तुम्हाला डब्यांत हात घालता येतो?”

“दुरुस्तीपुरता.”

“आणि तरन्नुमच्या डबीत मंगळवारचं जे लिहिलंय ते?”

“ते तसंच राहील. पहिल्या आवाजावर उघडली, एवढंच.”

“आणि पहिला आवाज कुणाचा, हे उद्या कुणाला कळणार नाही.”

यावर त्यानं जाहिरातीतलं दूध पुन्हा ओतलं. कुंदानं फोन ठेवला.

तरन्नुम बॅग आवरत होती. “राहू दे काकू. तुम्ही सांगितलंत तर उद्या गाव तुमच्याकडं फिरकणार नाही. मी काय, दुसऱ्या गावात कामं धरीन.”

“या पायाचं काय मग?” जिनेंद्र आतून म्हणाला. “तो काय दुसऱ्या गावात येणाराय?” आणि मग वेगळ्याच आवाजात, “जा कुंदा. उजेड आहे तोवर जाऊन ये.”

भूपाल अण्णांनी खिडकीतून दोघींना बघितलं. कुंदा दिसली म्हणून कडी काढली, तरन्नुम दिसली म्हणून दार अर्धंच उघडलं. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.

“तुझ्या शब्दाखातर हिला आत घेऊ म्हणतेस का, कुंदा? शब्दाचं नको सांगू. शब्दावरच कडी काढली होती मी.”

“शब्द नाही आणला, अण्णा. डबी आणलीय.”

आतल्या पलंगावर अक्काताई उशीला टेकून होत्या. कुंदानं डबी टीपॉयवर ठेवली, तरन्नुमला दाराशी लांब उभं केलं आणि वाचलं. आवाज जरा चिरकला, म्हणून वाटलं उघडणार नाही. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिला तेच हवं होतं.

फट उघडली. निळं उमटलं.

अण्णांनी कार्ड उचलून चष्म्याजवळ नेलं. मग पाकिटातून त्या बाईनं दिलेलं काढलं आणि दोन्ही शेजारी धरली. फरक नव्हता. कुंदानं मंगळवारची हकिकत सांगितली, काही गाळलं नाही, ‘घ्या, जपून ठेवा’सुद्धा.

“माझ्या सुनेच्या दवाखान्याची डबी?” अण्णांनी विचारलं.

“माझ्याकडचीच.”

“म्हणजे अख्ख्या गावाची जीभ तुझ्या तोंडात होती.”

“आज संध्याकाळपर्यंत आहे. मग पुण्यात.”

अण्णांनी दोन्ही कार्डं टीपॉयवर ठेवली. पलंगावरून अक्काताई म्हणाल्या, “ती बाई वाईट नव्हती हो. इंजेक्शन झालंय का, विचारलं होतं तिनं. मीच नाही म्हणाले. आठवलंच नाही मला.” मग दाराकडं बघून, “तू तिथं काय उभी? माझी पाठ बघ, चादर टोचतीय मघापासून.”

तरन्नुम आत गेली. अण्णांनी तिला अडवलं नाही. उलट वाटेतली खुर्ची बाजूला सरकवली. ते मास्तरांचं माफी मागणं होतं, आणि तरन्नुमला ते कळलं.

कुंदाला मात्र त्यांनी ‘बस’ म्हटलं नाही. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. दारापर्यंत पोचवायला आले, नमस्कार केला. ती पायरी उतरते तोवर मागं कडी लागली, आणि मग कडीच्या वरचा बोल्टही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकुमार आडमुठे डबी परत ठेवून गेला. अण्णांकडून गोष्ट गावभर झाली होती. त्याच्यामागून आणखी तिघे आले. दुपारपर्यंत काउंटरवर डब्यांची उतरंड झाली. कुंदानं एक उचलली, तिच्यावरचं नाव-काम मोठ्यानं वाचलं. डबी मिटलेलीच राहिली. पुसून झालं होतं तर. तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं, ज्याला पुसता येतं त्याला लिहिताही येत असेल. पुण्यातल्या कुठल्या खोलीत आपला आवाज आता बसला असेल, आणि कुणाच्या नावानं काय वाचत असेल?

दारावर टकटक झाली.

“काकू, मी तरन्नुम. ड्रेसिंगला आले.”

कुंदा उठली. कडीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. आवाज तरन्नुमचा होता. थोडा घसा बसलेला, रोजचा. कालपर्यंत तिनं कुणाचा आवाज एवढा लक्ष देऊन कधी ऐकला नव्हता.

“कोण आहे गं?” आतून जिनेंद्र.

“तरन्नुम आहे म्हणते.”

‘म्हणते’ हा शब्द तोंडातून गेला आणि दाराच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेला. मग दाराला अगदी ओठ लावल्यासारखा, अर्धा हसू दाबल्यासारखा आणि अर्धा दुसऱ्याच कशानं तरी जड झालेला तो आवाज आला,

“काकू, नाव आणि काम वाचून दाखवू का?”