नववं पान

गुरुवारी दुपारी सर एक्केचाळीस पाकिटं पोस्टात टाकून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "झालं एकदाचं."

भाजी निवडणाऱ्या थोरल्या बहिणीने मान वर केली नाही. "वरातीमागून घोडं," ती पुटपुटली. मग स्वतःलाच ते लागलं असावं. "पाणी देऊ का रे?"

ती बोलली ते खोटं नव्हतं. पाकिटांत होता 'चिंधी'चा दहावा अंक. 'चिंधी' सरांच्या लेकीची, आणि लेक जाऊन आठ महिने झाले होते.

'चिंधी' म्हणजे एकच कागद. लेक हाताने लिहायची, झेरॉक्स काढायची, तीन घड्या घालून मधोमध एक काप द्यायची, की त्या कागदाची आठ पानांची वही व्हायची. घडी बसवायला चमच्याची पाठ घासायची. किर्र, किर्र, किर्र. दुपारभर तिच्या खोलीतून तो आवाज यायचा. शेवटच्या पानावर तुटक रेषेची चौकट असायची: 'वाचलंत? दोन ओळी लिहा, कापून पाठवा.' वाचक मोजून एक्केचाळीस, आणि बहुतेक सगळे चिठ्ठी पाठवणारे.

दहाव्या अंकाची मूळ प्रत ती टेबलावर तयार ठेवून गेली होती. सरांनी फक्त झेरॉक्स काढल्या आणि घड्या घातल्या. त्याही वाकड्यातिकड्या, कारण तो चमचा काही घरात सापडला नाही. ती गेल्याचं अंकात कुठेतरी लिहायला हवं होतं. सरांनी चारदा कागद पुढे ओढला, चारदा मागे सारला.

खरं सांगायचं तर त्यांनी पहिला अंक तेवढा वाचला होता. तिने तो भीत भीत त्यांच्या टेबलावर ठेवला होता. चौतीस वर्षं शिकवलेला माणूस, जित्याची खोड. लाल पेन उचललं आणि तेवीस चुका काढून अंक परत केला. चिठ्ठी मात्र नीट कापून घेतली, आणि कोरीच एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातली. "बरं, बाबा," ती म्हणाली. पुन्हा कधी त्यांच्या टेबलावर अंक आला नाही. आपण तेव्हा चुकलो का, एवढंच सरांना कळायला हवं होतं. पण विचारायचं कोणाला?

पंधरा दिवसांनी चिठ्ठ्या येऊ लागल्या.

'ताई, नववं पान वाचून रडू आलं.' सरांना वाटलं, वाचणारा मोजायला चुकला असेल. दुसरी आली: 'नवव्या पानावर तू दाराआड उभी आहेस, ते डोळ्यांसमोरून हलत नाही.' शनिवारपर्यंत सतरा चिठ्ठ्या, आणि सगळ्यांत नववं पान. सरांनी स्वतःजवळची प्रत उलगडली, खिडकीशी उजेडात धरली. आठ पानं. मागची बाजू कोरी.

"थट्टा करतंय कोणीतरी," सर म्हणाले.

"सतरा जण मिळून?" बहिणीने विचारलं.

सर्वांत जवळची वाचक शेजारच्या गावातली टेलरबाई. सर गेले तेव्हा ती काज करत होती. तिने खणातून अंक काढला. "घड्या किती नेटक्या घालते हो तुमची मुलगी!"

सरांनी पाहिलं. घड्या सुरीसारख्या धारदार होत्या.

"नववं पान... जरा वाचून दाखवता? माझा चष्मा राहिला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. बाई हसली नाही. तिने आठवं पान उलटलं, आणि अंगठा हवेत पुन्हा एकदा उलटला. नुसत्या हवेत. मग ती हळू वाचू लागली.

"'बाबांनी अंक परत केला तेव्हा मी दाराआड होते. तेवीस चुका. म्हणजे तेवीस वेळा थांबून त्यांनी मला वाचलं. चिठ्ठी मात्र पाठवली नाही. पोस्टमन गेला की मी रोज पेटी बघते. एका घरातून त्याच घरात कोण चिठ्ठी टाकतं? तरी बघते. अजून बघते.'"

"अजून...?"

"अजून, असंच आहे."

लेक गेल्याचं तिला सांगणं सरांना जमलं नाही. घरी येऊन त्यांनी पुस्तकं उपसली. चिठ्ठी सापडली, कडेने पिवळी पडलेली. लाल पेन बाजूला सारून त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: 'तू छान लिहितेस. मला ते त्याच दिवशी कळलं होतं. कळलं म्हणून भ्यालो, आणि चुका मोजत बसलो.' चिठ्ठी त्यांनी स्वतःच्याच दाराच्या पेटीत टाकली.

सकाळी पेटी रिकामी होती. बहिणीने हात लावला नव्हता. दुपारी दोघं जेवायला बसली, आणि लेकीच्या बंद खोलीतून आवाज आला. किर्र, किर्र, किर्र. मग थोडं थांबून पुन्हा तीनदा.

"उंदीर असेल," बहीण म्हणाली. तिचा घास हातातच राहिला होता. सरांनी मान डोलावली. पण उंदीर का तीन घड्या मोजून थांबतो...

पुढचे पंधरा दिवस सर खूप दिवसांनी नीट झोपले. मग टेलरबाईची चिठ्ठी आली.

'ताई, अकरावा अंक मिळाला. बाबांची चिठ्ठी छापलीस, फार बरं केलंस.'

सर खुर्चीत बसले. डोळे पुसले, चष्मा पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली. मग ती उलटली. मागेही तिने लिहिलं होतं.

'या वेळी नववं पान कोरं आहे. खाली नुसतं "बाबा आले की भरू" एवढंच. मागच्या पंधरवड्यात तर ते माझ्याकडे येऊन गेले, बरे दिसले. कुठे निघालेत का?'