नाताळाच्या सिनेमाचं तिकीट

बेळगावच्या बसस्टँडवर एस्तेरनं पहिल्याच भेटीत त्याला झापलं.

"अहो अण्णा, ती ट्रंक वाटेतनं काढा की! माणसांनी काय उड्या मारत जायचं?"

"काढतो. पर अण्णा तेवढं म्हणू नगासा, टीचर."

ती दचकली. "मी टीचर आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या आवाजानं," तो हसला. "मी रवळू. निपाणीहून प्रोजेक्टर घेऊन आलोय. चर्चमधनं कोण तरी न्यायला येणार हुतं…"

अगं बाई! न्यायला तीच तर आली होती. पण तिच्या डोळ्यांपुढे होता कुणीतरी टकला, खोकणारा ऑपरेटर. आणि हा… हसला की याचे डोळे बारीक होत होते. एस्तेरचे कान तापले.

ब्याऐंशीचा डिसेंबर होता. नाताळाचा हा सिनेमा दरवर्षी तिची आई भरवायची. तिकिटाला पैसा नाही. घरातला एक उबेचा कपडा आणून द्यायचा, आणि ते सगळे कपडे ज्यांना थंडीत पांघरूण नाही त्यांच्याकडे जायचे. आई गेली तशी दोन वर्षं ना सिनेमा झाला, ना घरावर चांदणी लागली, ना करंज्या झाल्या. नाताळ यायचा आणि दारावरूनच निघून जायचा. यंदा पप्पा जेवता जेवता म्हणाले, "तुझी आई असती तर…" आणि हिनं पटकन सांगून टाकलं, "मी करते." तेव्हापासून एकच घोर. लोक आले नाहीत तर? आईचं नाव घालवलं तर?

लोक आले की! संध्याकाळी चर्चच्या आवारात पार अनगोळहूनसुद्धा आले. एस्तेर टेबलाशी उभी राहून चादरी, शाली, बंड्या घेत होती. पिरनवाडीच्या वाटेवर खडी फोडणाऱ्यांची पालं होती, तिथं दिवस कलला की हुडहुडी भरायची. म्हणून तिनं सिनेमाआधीच सगळा ढीग टेम्पोत घालून पाठवून दिला.

सिनेमा इंग्रजी. बर्फात कुडकुडणाऱ्या गावात सगळं वाटून टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याची गोष्ट. इंग्रजी कुणाला येत होतं? रवळूच मशीनजवळून सांगत होता, "बगा, आता कोट बी दिला! लई येडं म्हातारं हाय, थंडीनं मरंल की ह्ये!" पोरं खिदळत होती. मधेच तो एस्तेरकडे बघायचा, आणि ती घाईघाईनं पडद्याकडे बघायची…

फट्! सगळा अंधार.

"घाबरू नगासा, दुसरा बल्ब हाय," रवळू टेबल चाचपत म्हणाला. मग थांबला. "टीचर… हितं माझा तांबडा स्वेटर हुता. बसच्या धक्क्यानं फुटू नये म्हणून बल्ब त्यात गुंडाळला हुता."

एस्तेरच्या तोंडचं पाणी पळालं. "तो… तो मला कुणाचं तरी तिकीट वाटला. टेम्पोत गेला."

तेवढ्यात मागून मारुतीराव हॉटेलवाले गरजले, "सिनेमा न्हाय तर माझी वाकळ परत द्या!"

"व्हय, माझी चादर बी!"

एस्तेरला ती पालं आठवली. आता कुडकुडणाऱ्या माणसांच्या अंगावरची पांघरुणं ओढून आणायची? चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखून गाणं सुरू केलं. रवळूनं कुणाची तरी सायकल ओढली.

"बसा मागं. पालांवरनं बल्ब घेऊन येऊ."

"कुणी बघितलं तर?"

"बघू दे की. माझाच भाव वाढंल."

वाटेत प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव वरखाली होत होता. "बल्ब फुटला असेल तर हो?"

"मग पडद्यापुढं हुबं राहून आपणच गोष्ट करून दावू. मी म्हातारा, तुमी बर्फ."

डोळ्यांत पाणी असतानाच तिला हसू फुटलं. काय मेला माणूस तरी!

पालापाशी चुलीपुढे नागुबाई नावाची म्हातारी तांबडा स्वेटर घालून बसली होती. बल्ब सुपात, जोंधळ्यात नीट रोवून ठेवलेला.

"काचंची वस्तू हाय, कुणी तरी हुडकत येणार म्हटलं," असं म्हणत ती स्वेटरही उतरवायला लागली.

"ऱ्हाऊ दे गं आज्जी, बल्ब तेवढा दे," रवळू म्हणाला. अंगात पातळ शर्ट, दात कडकड वाजत होते त्याचे.

एस्तेर त्याच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं न आलेला नाताळ असा चुलीच्या धुरात येऊन उभा राहिला, आणि तिला रडूच आलं. टेम्पो अजून तिथंच होता. ती नाक पुसत म्हणाली, "आज्जी, सगळ्यांना घेऊन चला. सिनेमा बघायला."

"आमी? त्या लोकांत?"

"तुम्हीच तर बल्ब सांभाळलात."

टेम्पो चर्चच्या आवारात शिरला तसं गाणं थांबलं. पहिलं उतरलं ते मारुतीरावांची वाकळ पांघरलेलं शेंबडं पोर. मारुतीरावांनी वाकळ ओळखली.

मारुतीराव पोराकडे बघत राहिले. मग खाकरले. "सरका रं जरा! बसू द्या त्यास्नी. ये बाळ, हितं बस, हितनं चांगलं दिसतंय."

बल्ब बसला, सिनेमा पुरा झाला, माणसं पांगली. परत काही कुणी मागितलं नाही. रवळू ट्रंक भरत होता.

"पुढच्या नाताळाला बोलावणार न्हवं, टीचर?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. "बल्बामुळं?"

"घरच्या माणसाला कुणी बोलावणं धाडतं होय?"

तो मटकन ट्रंकेवर बसला. "म्हंजे…?"

"म्हणजे आज पाळकसाहेबांकडे मुक्काम करा. आणि सकाळी आमच्या घरी येऊन पप्पांना तुम्हीच विचारा."

"मी?" तो ट्रंकेवरून उठलाच. "आयला… आता मला भ्या वाटाय लागलं की!"

"वाटू दे," एस्तेर म्हणाली. "मी दिवसभर भ्यालेय. आता तुमची पाळी."