धावपट्टीच्या टोकाला

नवलाख उंबरे गावाच्या पुढे, कारखान्यांच्या रांगेत एक निळ्या पत्र्याची शेड आहे. बाहेरून वाटावं, आत खोकी भरत असतील. आत मात्र एका जेट विमानाचं नुसतं नाक आणून बसवलं होतं. दोन खुर्च्या, भिंतभर बटणं आणि काचांच्या जागी पडदे. त्यात बसून पोरं विमान उतरवायला शिकत. विमान जागचं हलत नसे, पडद्यावरची जमीन तेवढी वर येई.

पवनानगरचे सोपानआबा नातीबरोबर तिथे येत. पिंकी मोटारसायकल चालवी, आबा मागे बसत.

"सोबत कोन कुनाला?" शेजारच्या कस्तुराबाई हसत.

"मी गाडी राखायला जातो," आबा म्हणत.

शिकवणारे राजेंद्र सर भले होते. आबांना ते मागच्या घडीच्या खुर्चीवर बसू देत. पिंकी परीक्षेत दोनदा आपटली होती. आता शेवटची संधी. ही हुकली की विमानाचं नाव काढायचं नाही.

चूक तिची एकच. यंत्राकडून विमान आपल्या हातात घेतलं, जमीन जवळ आली, की ती नाकाखाली बघायची.

"खाली नको! पट्टीच्या टोकाला बघ," सर ओरडत. "टोक दिसलं की नाक कधी उचलायचं ते हाताला कळतं."

"भाताच्या खाचरात वाढलेय सर. पायाखाली बघायची सवय."

"इथे साप नाहीत, बाई."

ती हसे, आणि पुढच्या खेपेला विमान दाणकन आदळे.

म्हणून सर मध्येच चित्र थांबवत. एक बटण दाबलं की विमान हवेत टांगल्यासारखं राही. ढग, गवत, सगळं जागच्या जागी. मग सर काट्यांवर बोट ठेवून चूक समजावत आणि पिंकी मान खाली घालून ऐके.

अशाच एका दुपारी थांबलेल्या चित्रात आबांना माणूस दिसला. पट्टीच्या पार टोकाला, काडीएवढा.

तो चालत होता.

सरांनी बटण दाबलं. जमीन पुन्हा धावू लागली, तेव्हा पट्टी मोकळी होती. आबांनी डोळे चोळले. मोतीबिंदू काढून वर्ष झालं नव्हतं, तेव्हा त्यांनी दोष डोळ्यांना दिला.

पण चित्र पुन्हा थांबलं तसा तो पुन्हा आला. या खेपेला जरा अलीकडे. विमान हललं की नाहीसा व्हायचा, थांबलं की जिथे राहिला होता तिथून पुढे चालायचा. त्याला घाई नव्हती. प्रत्येक पाऊल गुडघ्यापर्यंत उचलून पुढे टाकत होता. आबांना ती चाल ओळखीची होती. आवणाला, भाताची रोपं लावताना, चिखल झालेल्या खाचरात माणूस असाच चालतो. पण हा कोरड्या, काळ्या पट्टीवर चालत होता.

"सर, ह्यात मान्सं बी दावत्यात का?"

"माणसं? पट्टीवर? नाही हो आबा."

"मग थांबवू नगा ना. पोरीचा बसलेला हात मोडतोय."

"थांबवलं नाही तर चूक कशी कळणार तिला?"

पिंकी खरंच सुधारत होती. जितकं थांबवत तितकी सुधारत होती, आणि तितकाच तो माणूस अलीकडे येत होता.

घरी परतताना तिने गाडी चालवता चालवताच विचारलं, "आबा, सर टोकाला बघ म्हंत्यात. मला तितं बघावंच वाटत न्हाई. काय हाय तितं?"

"कुटं काय. काय न्हाई." आबांनी तिच्या खांद्यावरचा हात घट्ट केला.

परीक्षेला बाहेरच्या कॅप्टन बाई आल्या. "आजोबा, बसा. पण तोंडातून शब्द नको," त्या म्हणाल्या. परीक्षेत चित्र थांबवत नाहीत, असं सरांनी सांगितलं होतं. आबांचा जीव त्यानेच भांड्यात पडला होता.

पिंकीने विमान हातात घेतलं. पट्टी समोर आली. मोकळी होती.

"फिफ्टी," उरलेले फूट मोजत यंत्र बोललं. "फॉर्टी."

पिंकीची मान खाली झुकली.

जमीन अंगावर आली.

"थांबव रे," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

कुणाला म्हणाले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दुसऱ्या कुणाला ऐकूच गेलं नाही.

पिंकीने मान वर केली. टोकाकडे बघितलं. नाक अलगद उचललं गेलं आणि चाकं कधी टेकली ते कळलंही नाही.

"पास," बाई म्हणाल्या.

आबा डोळे पुसत बाहेर गाडीपाशी आले. ऊन रणरणत होतं. समोर एक ट्रक टूंटूं करत मागे येत होता. टपरीवाला चहा वरून ओतत होता. पिंकी शेडच्या दारातून ओरडत धावत निघाली.

"आबाऽ..."

ट्रकचा आवाज तुटला.

चहाची धार भांडं आणि पेला यांच्यामध्ये उभी होती. वर घार टांगलेली होती.

पिंकीचं पाऊल डांबरापासून चार बोटं वर होतं. तोंड उघडं होतं. ती आबांकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, रस्त्याच्या टोकाला तिची नजर लागली होती.

आबांना मान वळवता येईना.

त्यांच्या पाठीमागे, अगदी जवळ, कुणीतरी चिखलातून पाय उपसला.